बिशपच्या वहीतला तो रविवार

मी फारसा बोलत नाही. आमच्या घरात बायको बोलते, मी मान हलवतो आणि संसार चालतो. पण यंदाच्या जुलैत, एका शनिवारी सकाळी, आमच्या रिकार्टन उपनगरापासून वीस मिनिटांवरच्या एका स्वयंपाकघरात जे घडलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला आता चैन पडत नाही. रोज उठलो की पहिलं तेच आठवतं. मात्र ते सांगायचं तर त्याआधी जवळजवळ सहा वर्षं मी एका म्हाताऱ्या बाईंशी खोटं बोलत होतो, हेही सांगावं लागेल. तर ते आधी.

मी न्यूझीलंडमध्ये, क्राइस्टचर्चला आलो २०११ च्या अखेरीस. भूकंपाने शहर पडलं होतं आणि इथे इंजिनियर कमी पडत होते. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांचा. पुण्यात अठरा वर्षं स्लॅब आणि कॉलम केलेले. इथलं काम साधं होतं. लोकांच्या घरांत जायचं, भिंतींच्या भेगा मोजायच्या, आणि प्रत्येक भेगेसमोर लिहायचं: भूकंपाची, की आधीपासूनची. सगळं त्या एका रकान्यावर. भूकंपाची असली तर विमा, आधीपासूनची असली तर ज्याची त्याने बघून घ्यावी. लोक माझ्या मागे मागे फिरायचे, बिस्किटं पुढे करायचे, आणि डोळे माझ्या पेनावर.

त्या बाईंचं घर असंच माझ्या यादीत आलं. विटांचं धुराडं छपरातून आत पडलेलं. बाई ऐंशीला टेकलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पाठ मात्र ताठ. डोळ्यांचा मधला भाग गेला होता, फक्त कडेचं दिसायचं. "तुझा चेहरा मला दिसत नाही," त्या म्हणाल्या, "कान दिसतात. कान चांगले आहेत." मी बैठकीच्या दारावरची लांब भेग मोजत होतो. मी काही लिहायच्या आत त्याच म्हणाल्या, "ती आधीची आहे. माझ्या लग्नापासून आहे ती."

स्वतःच्या तोट्याचं खरं बोलणारा मालक मला त्या शहरात तेवढा एकच भेटला. घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, अशा माणसाला धरून ठेव रे, इथे आपल्याला आहे कोण. मग मी शनिवारी जायला लागलो. बल्ब बदलायचा, पत्रं वाचून दाखवायची, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायचं. त्या मला 'इंजिनियर' म्हणायच्या. कॉफी इतकी कडक करायच्या की रविवारपर्यंत झोप नाही.

दुसऱ्या वर्षी त्यांच्याकडे पार्सल आलं. बाल्टिक समुद्राकाठच्या एका छोट्या देशातून, जिथे त्यांचा जन्म झाला होता. आत काळ्या पुठ्ठ्याची वही. कुठल्याशा जुन्या घराच्या माळ्यावर सापडलेली. बाईंनी ती नाकाशी धरली आणि खुर्चीत बसल्या. त्यांच्या वडिलांची रोजनिशी होती. वडील तिथल्या लुथरन चर्चचे बिशप होते, युद्धाच्या काळात, देश परक्या सैन्याच्या ताब्यात असताना.

बिशप म्हणजे सिनेमातला उंच टोपीवाला, एवढंच माझं ज्ञान. लुथरन लोकांत बिशपला बायकामुलं असतात हे बाईंनी आधी समजावलं, नाहीतर मी तिथेच अडकून पडलो असतो. मग त्यांनी मला खरी गोष्ट सांगितली. त्या नऊ वर्षांच्या असताना सैन्याने फर्मान काढलं की गावातल्या तरुण मुलांनी सैन्याच्या कामावर हजर व्हावं. लोक सैन्याचं ऐकत नव्हते, चर्चचं ऐकत होते; म्हणून ते रविवारी बिशपने स्वतः चर्चमध्ये वाचून दाखवायचं, असा हुकूम. त्या रविवारी बाईंना गोवर निघालेला, त्या अंथरुणात. पुढच्या आठवड्यात गल्लीतली मुलं गेली. शेजारणीचा मुलगा परत आला नाही. काही लोक म्हणायचे, बिशपने फर्मान वाचलं. काही म्हणायचे, नाही वाचलं. शेजारीण त्यांच्या दाराकडे पाठ करून अंगण झाडायची. वडील घरी कधी काही बोलले नाहीत आणि पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने गेले. आई मुलीला घेऊन होडीतून निघाली, मग छावण्या, मग न्यूझीलंडचं जहाज.

"त्यांनी ते वाचलं का," बाई म्हणाल्या, "एवढं मला मरायच्या आधी कळायला हवं."

आणि मला एकदम उत्साह आला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे भेगांपलीकडचं काही मागत होतं. माझ्या घरी चांगला स्कॅनर होता. ठरलं असं: वही माझ्याकडे, मी आठवड्याला चार-पाच पानं स्कॅन करायची, शनिवारी त्यांच्या मोठ्या टीव्हीवर लावायची. एकेक अक्षर वीतभर. बाई खुर्ची तिरकी करून बसायच्या, डोळ्याच्या कडेने वाचायच्या, इंग्रजीत सांगायच्या, मी टाइप करायचो. मी म्हटलं, थेट त्या रविवारवर जाऊ या. तर म्हणाल्या, नाही, वडिलांना पानं गाळलेली खपत नसत. क्रमाने.

काय शनिवार होते ते. मी शुक्रवारपासून वाट बघायचो. बायको म्हणायची, माझ्या माहेरी जाताना कधी इतक्या लगबगीने शर्ट इस्त्री केला नाहीस.

बिशपच्या घराचा तळमजला सैनिकांनी घेतला होता. बिशप, बायको आणि मुलगी वरच्या दोन खोल्यांत. सैनिकांचा एक अधिकारी गुरुवारी चर्चमध्ये जाऊन ऑर्गन वाजवायचा. बिशप लिहितो: चांगला वाजवतो, हे लिहायला मला आवडत नाही. चर्चच्या घंटा वितळवायला नेल्या, मग रुळाचा तुकडा टांगून त्यावर हातोडा. सायकलच्या टायरला सातवं ठिगळ. प्रवचन आधी लिहून मंजुरीला पाठवायचं, आणि तिसऱ्या रांगेत एक माणूस वही घेऊन बसायचा, मंजूर शब्दांपेक्षा वेगळं काही निघतं का ते टिपायला. एका पानावर एवढंच: आज तिसऱ्या रांगेतल्या माणसाला सर्दी होती. माझा रुमाल दिला. त्यावर बाई इतक्या हसल्या की मला पाणी आणावं लागलं. "तो रुमाल परत आला नाही," त्या म्हणाल्या, "आई वर्षभर बोलत होती."

छापखाना बंद केल्यावर गावोगावच्या पाद्रींना बिशपची पत्रं हाताने जायची. लिहायचे वडील, आणि त्याच्या प्रती आई करायची, रात्री जेवणाच्या टेबलावर. कशा, ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

२०१३ च्या ऑक्टोबरात आम्ही त्या रविवारच्या दाराशी आलो. शनिवारची नोंद वाचून झाली. शेवटची ओळ: उद्यासाठी झोप हवी, येणार नाही. पुढचं पान त्या रविवारचं. बाईंनी हात मांडीवर ठेवले. "पुढच्या शनिवारी," त्या म्हणाल्या. "मला एक आठवडा दे."

आणि मधे दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याला ज्या पुस्तकावर काम चाललंय ते सरस्वतीपुढे ठेवायचं, उघडं, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. वाचणं नाही, लिहिणं नाही. आईचा नियम. ती गेल्यावरही मी मोडला नव्हता. त्या वर्षी आमच्या मुलीची वही, माझी मोजायची टेप, बायकोची नवी साडी आणि मधोमध बिशपची वही, नेमकी त्या रविवारच्या पानावर उघडून. मनात एकच: बाईंना हवं ते उत्तर निघू दे. हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या. झेंडू मिळेना, इथे तेव्हा वसंत, म्हणून अंगणातले डॅफोडिल नळाखाली धुऊन वाहिले. फुलाने पाणी शिंपडलं. नमस्कार केला. पान स्कॅन करायचं होतं, पण नियम. उद्या करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलं उचलली तर पान जांभळं झालं होतं.

आधी मला कळेचना हा रंग आला कुठून. बिशपची अक्षरं करडी, पेन्सिलची. मग कळलं. कॉपिंग पेन्सिल. कोरडी असली तर साध्या पेन्सिलसारखी, पाणी लागलं की जांभळी शाई. माझे वडील पोस्टात होते. त्यांच्या जिभेच्या टोकाला तो रंग मी लहानपणी रोज पाहिलेला. दुसऱ्या कुणाला माहीत नसतं तर चाललं असतं, मला माहीत असायला हवं होतं.

मी साडीच्या घडीतला पातळ पांढरा कागद ओढून काढला, पानावर दाबला, वर जाडजूड शब्दकोश ठेवला. तासाभराने उचलला. पाणी टिपलं गेलं होतं. अक्षरं फिकी पण होती, असं मला आजही वाटतं. तिथेच थांबलो असतो तर. पण कडेला कुंकवाचा लाल डाग होता. तो दिसला तर काय सांगू, म्हणून मी ओल्या कापसाने पुसायला गेलो. पाच मिनिटांत पानभर जांभळा चिखल. एक शब्द राहिला नाही.

बायको दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, जाऊन सांगून टाक, ओरडतील, संपेल. मी मान हलवली.

शनिवारी गेलो. बाईंनी केस नीट बांधले होते, गळ्यात मण्यांची माळ. मी टीव्हीवर पान लावलं. त्या तिरक्या बसून बघत राहिल्या. मग विचारलं, हे काय?

अठरा वर्षं पुण्यात आणि दोन वर्षं इथे ज्या आवाजात मी मालकांशी बोलत आलो, त्याच आवाजात मी म्हणालो, "ओल लागलेली दिसते. आधीपासूनचं नुकसान आहे."

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? मी त्या कामातला माणूस. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे मला कळू नये असंच असेल." आणि कॉफी केली.

पुढच्या पानांत त्या रविवारचा उल्लेख नव्हता. वही संपली. शनिवार चालू राहिले, बल्ब, पत्रं, दूध. पण बाई वडिलांबद्दल बोलेनाशा झाल्या. मी जवळ असलो की भिंतीवरच्या त्यांच्या फोटोकडे बघायच्या नाहीत. मला वाटायचं त्या मला टाळतात. त्या वडिलांना टाळत होत्या.

पूजेतला तो पातळ कागद मात्र मी टाकला नव्हता. देवासमोरचं निर्माल्य कचऱ्याच्या लाल बिनमध्ये टाकवेना. नदीत सोडावं म्हटलं तर इथे कुणी बघेल. सुकलेल्या डॅफोडिलसकट पाकिटात घालून कपाटात वरच्या फळीवर ठेवला, आणि त्यानंतर त्या फळीकडे बघायचंही टाळलं. घर बदललं तेव्हा पाकीट आमच्याबरोबर आलं. बायको एकदाच बोलली, "तुझं पाप अजून वरच्या फळीवरच आहे."

यंदा जूनमध्ये बाईंना पत्र आलं, मीच वाचून दाखवलं. त्यांच्या जुन्या गावातल्या चर्चमध्ये दगड बसवणार होते. सैन्यापुढे न झुकलेल्या पाद्रींची नावं त्यावर कोरायची होती. बिशपबद्दल दोन्ही बाजूंनी बोललं जातं, कन्येकडे काही पुरावा आहे का? नसल्यास कन्येचं मत कळवावं.

बाईंनी तिथल्या तिथे उत्तर सांगितलं. मी लिहून घेतलं: पुरावा नाही. पुराव्याशिवाय नाव कोरू नये.

पत्र पोस्टात टाकायचं काम अर्थातच माझं. ते मी तीन आठवडे गाडीच्या खणात ठेवलं. रोज कामावर जाताना तो खण दिसायचा. मला आता त्या मेलेल्या माणसाची भीती वाटायला लागली होती. ज्याचा रुमाल परत आला नाही त्याचं नावही मीच दाबून बसलो होतो.

शेवटी जुलैतल्या त्या शनिवारी मी कपाटातून पाकीट काढलं. हे नेऊन होणार काय, काही नाही. पण पुराव्याशिवाय रिपोर्ट द्यायची मला सवय नाही. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; बाहेर दव गोठलेलं, मी गाडीची काच खरवडली. बायको बाहेर येऊन म्हणाली, आता परत फिरलास तर मीच जाऊन सांगेन.

बाईंच्या स्वयंपाकघरात मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. दसरा, फुलं, पाणी, कापूस, ते वाक्य, गाडीतलं पत्र. पाकीट टेबलावर ठेवलं. इतकं सलग मी आयुष्यात बोललो नव्हतो.

बाईंनी कॉफीचा कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "माझे वडील असते तर त्यांनी तुला क्षमा दिली असती. ते त्यांचं काम होतं. मी नुसती मुलगी आहे. मी फार रागावले आहे."

मी म्हटलं, हो.

"आणि तू देवापुढे ठेवलीस वही. माझ्यासाठी."

"हो."

"मूर्ख माणसा," त्या म्हणाल्या. मग हात पुढे करून त्यांनी पाकीट चाचपलं, फूल बाजूला केलं, कागद उलगडला. बोटांनी चोळून पाहिला. "हा कसला कागद?"

मी सांगितलं, साडीच्या घडीतला. पान ओलं झालं तेव्हा टिपायला दाबला होता.

"दाबला होतास. कापूस लावायच्या आधी?"

"आधी. तासभर. वर शब्दकोश ठेवून."

त्यांनी माझं मनगट पकडलं. त्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "कागदावर रंग आहे?"

मी पाहिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. जांभळ्या फिक्या रेघा होत्या, गिचमिड, उलट्या. अर्थ नसलेल्या. मी तसं म्हणालो.

"उलट्याच असणार," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम नऊ वर्षांच्या मुलीचा झाला. "अरे, आम्ही असंच करायचो. वडील त्या पेन्सिलीने लिहायचे, आई पातळ कागद ओला करून त्यावर दाबायची, वर इस्त्री ठेवायची. एका पत्राच्या चार-पाच प्रती. मग कागद पलटून वाचायचा, मागच्या बाजूने. म्हणून तर पातळ कागद. तू प्रत काढलीस, इंजिनियर. त्याला खिडकीवर लाव."

मी कागद पलटला आणि काचेवर धरला. बाहेर थंडीतलं कोवळं ऊन होतं. रेघा सरळ झाल्या. मला त्या भाषेतलं काही वाचता येत नाही, पण अक्षरं आता अक्षरं होती, ओळी ओळी होत्या. मी फोनने फोटो काढले, पाच, सहा, सात, केबल सापडेना, सापडली, टीव्हीवर लावलं. बाईंनी खुर्ची तिरकी केली. माझे कान तापले होते.

त्या एकेक अक्षर मोठ्याने म्हणू लागल्या. कुठे डाग होता तिथे थांबायच्या, मागे जायच्या, जीभ टाळ्याला लावून आवाज करायच्या. दोन ठिकाणी शब्द लागलाच नाही. बाकी लागलं. मी टाइप करत होतो आणि बोटं चुकत होती. त्यांनी सांगितलेलं इथे मराठीत मांडतो:

फर्मान हातात घेतलं. पहिली ओळ वाचली. मग डोळ्यांपुढे शेजारणीचा मुलगा आला, बाकावर बसलेला. कागदाची घडी घातली आणि म्हणालो, यापुढचं वाचायला माझ्याकडे आवाज नाही. स्तोत्र सुरू केलं. तिसऱ्या रांगेतल्याने वही मिटली, काही लिहिलं नाही. पण पहिली ओळ मी वाचली. का वाचली? भीतीने. हे कुणाला सांगू?

बाई थांबल्या. मग त्यांनी तीच शेवटची ओळ परत वाचली, त्यांच्या भाषेत, इंग्रजी न करता.

"म्हणजे दोन्ही लोक खरं बोलत होते," मी म्हणालो. "वाचलं म्हणणारे आणि नाही म्हणणारे."

त्या हसत होत्या आणि गालांवर पाणी होतं. "एक ओळ," त्या म्हणाल्या. "एका ओळीसाठी तो माणूस घरात वर्षभर मुका झाला. मला वाटायचं माझ्या गोवराचा राग आलाय."

मग त्यांना भूक लागली. दोघांनी राय ब्रेड खाल्ला, लोणी जाड लावून, आणि त्यांनी मला आणखी दोनदा मूर्ख म्हटलं, दुसऱ्यांदा जरा बऱ्या आवाजात. खाऊन झाल्यावर म्हणाल्या, गाडीतलं पत्र आण. मी आणलं. त्यांनी ते फाडलं आणि नवं सांगायला सुरुवात केली. नाव कोरा. आणि जागा असेल तर हेही कोरा की त्यांनी एक ओळ वाचली होती. मी म्हटलं, दगडावर असं कुणी कोरत नाही. त्या म्हणाल्या, मग नुसतं नाव कोरा आणि पान चर्चच्या कपाटात ठेवा, ज्याला हवं तो वाचेल.

"आता तुझा भाग," त्या म्हणाल्या. "मूळ पान खराब का झालं, ते त्यांना कळायला हवं. तू लिही. तुझ्या त्या रिपोर्टसारखं."

मी लॅपटॉप जवळ ओढला. हजारो वेळा भरलेला तो रकाना डोळ्यांपुढे आला. बाई माझ्या कानाकडे बघत वाट पाहत होत्या.

मी लिहिलं: हे नुकसान आधीपासूनचं नाही. ते माझ्या हातून झालं.

"मोठ्याने वाच," बाई म्हणाल्या.

मी वाचलं. दोन्ही ओळी.